प्राध्यापकांत एकच बाई दिसते. मग मी पोस्टडॉक करू का?

ताई,
मी खगोलशास्त्रात पीएच.डी. करते आहे, प्रबंध वर्षभरात पूर्ण होईल. आमच्या विभागात पीएच.डी. करणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या मुली आहेत. पोस्टडॉकमध्ये, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागांवर, दोघीच आणि कायम प्राध्यापकांत एकच बाई. परवा गाईड सहज बोलता बोलता म्हणाले, "मुली हुशार असतात, पण पोस्टडॉकच्या सुमाराला निघून जातात." ते माझ्या बाजूचेच आहेत, वाईट हेतूने बोलले नाहीत, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही. माझा जोडीदारही संशोधक आहे, त्याचं क्षेत्र वेगळं. दोघांना एकाच शहरात काम मिळेल याची खात्री नाही. शिवाय विभागातली प्रत्येक समिती आणि शाळांसाठीचा प्रत्येक कार्यक्रम माझ्याकडे येतो, कारण "एक मुलगी हवी". एका मैत्रिणीने डेटा सायन्समध्ये नोकरी घेतली, ती मजेत आहे. मी आत्ताच बाहेर पडू का? आणि पडले, तर या क्षेत्रातली एक बाई माझ्यामुळे कमी झाली हे मनाला लागून राहील, त्याचं काय करू?
— एक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या गाईडच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्यावरच उभे आहेत. ते वाक्य त्यांनी बनवलेलं नाही, आपल्या क्षेत्रात सगळे तेच बोलतात. त्यामागे आकडेही आहेत. अमेरिकेतल्या खगोलशास्त्र विभागांची २०१३मध्ये पाहणी झाली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांत स्त्रिया साधारण एकतृतीयांश होत्या आणि सर्वोच्च श्रेणीच्या प्राध्यापकांत सातांत एक. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या सदस्यांत आजही साधारण पाचांत एकच बाई आहे. देशादेशांत फरक मोठा आहे; अर्जेंटिना, इटली बरेच पुढे, जपान बराच मागे. एवढ्या फरकावरूनच एक गोष्ट उघड होते. या विषयाच्या अंगी असं काही नाही की ज्यामुळे स्त्रिया त्यात टिकू नयेत, नाहीतर सगळीकडे एकच चित्र दिसलं असतं.

आता हे आकडे कसे वाचायचे ते बघ. खाली एकतृतीयांश आणि वर सातवा हिस्सा म्हणजे मधल्या बायका गेल्या, असं आपण चटकन धरून चालतो. पण २०१३मध्ये जे सर्वोच्च प्राध्यापक होते, त्यातल्या बहुतेकांनी पीएच.डी. कितीतरी दशकं आधी केली होती, आणि तेव्हा वर्गात मुली मुळातच थोड्या होत्या. आजी, आई आणि नात यांचा एकत्र फोटो बघून नात म्हातारपणी आजीएवढी बुटकी होणार असा निष्कर्ष काढावा, तशातली ही गत आहे. खरं काय ते कळायला एकाच तुकडीमागे वर्षानुवर्षं जावं लागतं.

तसं कुणी केलंय का? केलंय, आणि उत्तरं जुळत नाहीत. २०१८च्या एका अभ्यासात कायम पद मिळालेल्यांच्या यादीवरून पीएच.डी. आणि नोकरी यांच्यातला काळ मोजला. स्त्रियांच्या बाबतीत तो कमी भरला. वरवर ही आनंदाची बातमी वाटते, पण लेखकाने लावलेला अर्थ वेगळा होता. लवकर नोकरी न मिळालेल्या स्त्रिया थांबत नाहीत, क्षेत्र सोडतात, म्हणून यादीत फक्त लवकर लागलेल्याच उरतात. त्या हिशोबाने स्त्रिया पुरुषांच्या तीन ते चार पट वेगाने बाहेर पडत होत्या. पुढच्याच वर्षी दुसरा अभ्यास आला. २००० ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या निवडक संस्थांतून पीएच.डी. झालेल्या हजाराहून जास्त लोकांचा त्यात एकेक करून माग काढला होता. साधारण दोनतृतीयांश लोक खगोलशास्त्रातच दीर्घकाळाच्या पदांवर पोचले होते, आणि स्त्री-पुरुषांत म्हणावा असा फरक सापडला नाही, राहण्यातही नाही आणि सोडून जाण्यातही नाही.

मला दुसऱ्या अभ्यासाची पद्धत जास्त पटते, कारण जे गेले त्यांनाही त्यात मोजलं आहे. तो एका देशाचा आणि ठरावीक संस्थांचा आहे हे खरं. तिथवर पोचायला कुणाला किती किंमत मोजावी लागली हेही त्यातून कळत नाही. पण तुझ्या गाईडचं वाक्य निसर्गनियम नाही एवढं सांगायला तो पुरेसा आहे. आकड्यांत काय दिसतं आणि ते का दिसतं, हे आपण ताऱ्यांच्या बाबतीत इतक्या काळजीने वेगळं ठेवतो. माणसांच्या बाबतीतही ठेवायला हवं, आणि तुझ्या आयुष्याच्या निर्णयाच्या बाबतीत तर नक्कीच.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. अडथळे मोजले गेले आहेत, आणि त्यातले बरेचसे नेमके तू आता ज्या टप्प्यात शिरते आहेस तिथेच आहेत. म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

दुर्बिणीचा वेळ हे आपलं चलन. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीत तो वेळ मागण्यासाठी आलेल्या प्रस्तावांचा २०१६मध्ये अभ्यास झाला. मुख्य संशोधक पुरुष असला तर सुमारे २२ टक्के प्रस्ताव मंजूर होत होते, स्त्री असली तर १६ टक्के. या फरकाचा मोठा भाग अनुभवातून येत होता. अर्ज करणाऱ्या स्त्रिया सरासरीने कनिष्ठ पदांवर होत्या आणि कनिष्ठांचे प्रस्ताव एकूणच कमी मंजूर होतात. पण हे दिलासा देणारं स्पष्टीकरण आहे असं मला वाटत नाही. वर बायका कमी म्हणून वेळ कमी, वेळ कमी म्हणून पेपर कमी, आणि पेपर कमी म्हणून पुन्हा वर बायका कमी, असं हे चक्र आहे. शिवाय अनुभवाचा हिशोब करूनही थोडा फरक उरलाच.

हबल अंतराळ दुर्बिणीची कथा तुला माहीत असेल, तरी सांगते, कारण माझ्या मते या साऱ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. हबलच्या वेळवाटपात दशकाहून जास्त काळ प्रत्येक फेरीत पुरुषांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण स्त्रियांपेक्षा जास्त होतं. फरक मोठा नव्हता, पण दर वेळी एकाच दिशेला होता. बरेच उपाय झाले. नाव आतल्या पानावर टाकलं, नुसती आद्याक्षरं ठेवली. फार काही बदललं नाही. २०१८मध्ये मात्र अर्जदार कोण हे परीक्षकांना पूर्णच कळू नये अशी व्यवस्था केली. "आम्ही मागे दाखवल्याप्रमाणे" अशी वाक्यंसुद्धा प्रस्तावात चालेनाशी झाली. त्या फेरीत स्त्रियांचं यश ८.७ टक्के आणि पुरुषांचं ८.० टक्के. एका फेरीतला एवढासा फरक घेऊन बायका जिंकल्या असं मी म्हणणार नाही. पण वर्षानुवर्षं एकाच बाजूला झुकलेला काटा नावं झाकल्यावर हलला. कुणाचं भौतिकशास्त्र एका वर्षात सुधारलं नव्हतं की बिघडलं नव्हतं. आणि याचा फायदा फक्त स्त्रियांना झाला असंही नाही. पूर्वी कधी वेळ न मिळालेले लोक मंजूर यादीत दिसू लागले, कारण समितीतली चर्चा माणसावरून प्रश्नावर आली. "हा गट हे करू शकेल का" याऐवजी "हे करण्यासारखं आहे का" हे बोललं जाऊ लागलं.

तेव्हा पहिली गोष्ट. आता जेम्स वेब अंतराळ दुर्बीण आणि चिलीतली अल्मा रेडिओ दुर्बीणसुद्धा अशाच पद्धतीने प्रस्ताव तपासतात. तिथे तुझ्या स्वतःच्या नावाने, मुख्य संशोधक म्हणून अर्ज कर. सहलेखक म्हणून दहा प्रस्तावांत असण्यापेक्षा स्वतःचा एक मंजूर प्रस्ताव पोस्टडॉकच्या अर्जात जास्त बोलतो. नामंजूर झाला तरी समितीचा अभिप्राय हातात येतो, आणि स्पर्धा इतकी आहे की नामंजूर होणं हाच सर्वांचा नेहमीचा अनुभव आहे. एका नकाराचा अर्थ "मी इथली नाही" असा लावू नकोस. तो अर्थ मुली फार लवकर लावतात, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. ती तुला दिसत नाहीत, म्हणून त्यांचा विचार करायचा राहून जातो. भूविज्ञानातल्या पोस्टडॉक शिष्यवृत्तीसाठी ५४ देशांतून आलेली बाराशे पत्रं तपासली, तेव्हा उमेदवार स्त्री असल्यास उत्कृष्ट म्हणावं असं पत्र मिळण्याची शक्यता पुरुषांच्या निम्मी निघाली. पत्र लिहिणारा पुरुष असो की स्त्री, फरक पडत नव्हता. पत्रं वाईट नसतात, चांगलीच असतात. मेहनती आहे, मनमिळाऊ आहे, जबाबदारीने काम करते. पण शेजारच्या पत्रात "या विषयाची दिशा बदलेल असा संशोधक" असं लिहिलेलं असतं, आणि समितीसमोर ही दोन्ही पत्रं एकाच वेळी असतात.

इथे तुझे गाईड उपयोगाला येतील. ते तुझ्या बाजूचे आहेत असं तू म्हणतेस, मग त्यांना काम दे. पानभर मुद्दे लिहून त्यांच्या हातात ठेव. कोणती कल्पना तुझी होती, कोणता कोड तू एकटीने लिहिलास, कुठली चूक तू पकडलीस आणि त्यामुळे पेपरचा निष्कर्ष कसा बदलला. संकोच करू नकोस, पत्र लिहिणाऱ्याला अशी यादी मिळाली तर हायसंच वाटतं. त्यांनी जे वाक्य सहज टाकलं त्याबद्दलही त्यांच्याशी बोल. भांडायला नको. २०१९चा अभ्यास त्यांना पाठव आणि सांग की ते वाक्य तुला लागलं. विद्यार्थिनींच्या आयुष्यात गाईडचं एक वाक्य किती दिवस राहतं याची बऱ्याच चांगल्या गाईडना कल्पनाच नसते.

आणखी एक मोजलेली गोष्ट थोडक्यात. १९५०पासूनच्या दोन लाखांच्या आसपास खगोलशास्त्रीय पेपरांचा हिशोब करून २०१७मध्ये दाखवलं गेलं, की पहिली लेखिका स्त्री असेल तर तसाच पेपर पुरुषाचा असता तर इतरांच्या पेपरांत जेवढे संदर्भ मिळाले असते त्याहून सुमारे दहा टक्के कमी मिळतात. यावर तुझ्या हातात फार काही नाही. परिषदांत बोल, पेपर आल्यावर त्या विषयावर काम करणाऱ्यांना स्वतः पाठव. आणि तू स्वतः कुणाचे संदर्भ देतेस तेही तपास.

आता मुख्य निर्णय. "पोस्टडॉक करू का" हा प्रश्न फार मोघम आहे. पोस्टडॉक पोस्टडॉकमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. तीन वर्षांची, स्वतःचा विषय स्वतः ठरवता येणारी फेलोशिप वेगळी, आणि एक वर्ष अधिक "बघू पुढे" अशी, दुसऱ्याच्या अनुदानावरची जागा वेगळी. माझा सल्ला सरळ आहे. अर्ज कर, पण वाटेल ती जागा घेऊ नकोस. ऑफर आली की विचार: मुदत किती, लेखी आहे का? स्वतःच्या संशोधनाला किती वेळ? प्रसूतीची किंवा आजारपणाची रजा घेतली तर तेवढी मुदत वाढते का? गेल्या काही वर्षांत इथून गेलेले पोस्टडॉक आज कुठे आहेत, आणि त्यातल्या स्त्रिया कुठे आहेत? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गटप्रमुखाला पटकन देता आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

तिथून मध्येच निघून गेलेल्या एखादीशी फोनवर बोल. ईमेलवर लोक जपून लिहितात. तो गट सुरक्षित आहे का, कुणाबरोबर एकटीने निरीक्षणाला जाऊ नये असं काही आहे का, हे अशाच फोनवर कळतं. खगोलशास्त्रात छळाची प्रकरणं झालेली आहेत आणि त्यामुळे चांगल्या मुली गेल्या आहेत. हे विचारण्यात संशयीपणा नाही.

जोडीदाराचा प्रश्न जुना आहे. खगोलशास्त्रज्ञ बीट्रिस टिन्स्ली १९६०च्या दशकात नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्ससमधल्या डॅलसला राहत होत्या. तिथे त्यांना स्वतःचं असं पद मिळालं नाही, पीएच.डी.साठी त्या ऑस्टिनपर्यंत ये-जा करत. दीर्घिकांचा प्रकाश काळानुसार बदलत जातो हे त्यांनी त्या दिवसांत मांडलं, आणि आजचं दीर्घिका-उत्क्रांतीचं शास्त्र त्यावर उभं आहे. येल विद्यापीठात त्या गेल्या १९७५मध्ये, घटस्फोटानंतर, आणि १९८१मध्ये कर्करोगाने वारल्या. मार्गारेट बर्बिज यांना कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या दुर्बिणीवर काम करण्यासाठी नवऱ्याच्या नावावर वेळ घ्यावा लागला. नवरा होता सैद्धांतिक संशोधक, निरीक्षणं घेणार त्या, पण कागदावर त्या मदतनीस. तिथल्याच पालोमार वेधशाळेत स्त्रीला रीतसर निरीक्षणाची परवानगी मिळाली ती १९६५मध्ये, व्हेरा रुबिन यांना. तेव्हाचे ते नियम आता नाहीत. पण दोन संशोधकांना एका शहरात काम मिळवण्याची अडचण तशीच आहे, आणि अजूनही बहुतेक वेळा ती बाईच्या गळ्यात येऊन पडते.

म्हणून अर्ज पाठवण्याआधी तुम्ही दोघं बसा आणि बोला. किती काळ दूर राहणं चालेल? पहिली निवड कुणाच्या सोयीने, आणि त्यानंतरची कुणाच्या? हे आधी ठरलेलं नसलं की ऑफर हातात असताना, आठवडाभराच्या घाईत ठरतं, आणि तेव्हा ज्याचा पगार जास्त त्याच्या बाजूने ठरतं. मुलाखतीत जोडीदाराचा विषय स्वतःहून काढू नकोस. अनेक देशांत तो विचारणंही कायद्याने चालत नाही. ऑफर लेखी आली की मग निःसंकोच बोल. तेव्हा त्यांना तू हवी असतेस आणि विद्यापीठं जोडीदारासाठी काही ना काही शोधू शकतात. मूल, अर्धवेळ काम, शहर बदलणं यांमुळे सगळं संपतं असंही मानू नकोस. पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्यांचा, शोध लावणाऱ्या जॉसलिन बेल बर्नेल यांनी नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत कितीतरी वर्षं अर्धवेळ काम केलं. नंतर त्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०१८मध्ये मिळालेलं तीस लाख डॉलरचं पारितोषिक त्यांनी भौतिकशास्त्रात कमी संख्येने असलेल्या गटांतल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकलं. त्यांना जे सोसावं लागलं ते तुलाही लागावं असं मला वाटत नाही. रस्ता वाकडा असला तरी तो जातो, एवढंच.

समित्यांचं सांगते. "एक मुलगी हवी" म्हणून येणारं काम बहुतेक वेळा दिसण्यापुरतं असतं, आणि पोस्टडॉकच्या अर्जात ते कुणी मोजत नाही. वर्षाला एकच घे. निवडायची तर जिथे खरोखर काही ठरतं ती घे: पीएच.डी.ची प्रवेशप्रक्रिया, व्याख्यात्यांची निवड, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून भरतीच्या चर्चेत जागा. शाळकरी मुलांबरोबरचा कार्यक्रम तुला मनापासून आवडत असेल तर तो कर. बाकीच्यांना सांग, "या वर्षी प्रबंध आहे." पुढे कारण देऊ नकोस. विभागातल्या मुलांची नावं सुचवलीस तर फारच उत्तम, त्यांनाही शाळेत जाता येतं.

आणि ते ओझं. ते तुझं नाही. एका देशाच्या, ऑस्ट्रेलियाच्या, आकड्यांवरून २०२१मध्ये हिशोब केला गेला. भरती आणि गळती आहे तशीच राहिली तर वरच्या पदांपैकी एकतृतीयांश स्त्रियांकडे यायलाच साठ वर्षं लागतील. प्रत्येक पातळीवर निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या, तर साधारण पंचवीस वर्षांत बरोबरी होऊ शकते. हा हिशोब मांडणाऱ्या लिसा क्यूली पुढे हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राच्या पहिल्या स्त्री संचालक झाल्या. साठ आणि पंचवीस यांतला फरक कुणाच्या हातात आहे ते बघ: भरती समित्यांच्या, विभागप्रमुखांच्या, अनुदान देणाऱ्यांच्या. पीएच.डी. संपवणाऱ्या, थकलेल्या मुलीच्या हातात नाही. टक्का वाढवण्यासाठी तू न आवडणाऱ्या जागी पाच वर्षं काढावीस असं तुला कुणी सुचवलं, तर माझ्या वतीने त्यांना नाही सांग. आणि तुझी मैत्रीण डेटा सायन्समध्ये सुखी असेल तर ती हरली नाही. तिने आठ-दहा वर्षं मेहनतीने कमावलेलं कौशल्य दुसरीकडे नेलं आहे.

तू मात्र मला विचारते आहेस, आणि तुझ्या पत्रात कुठेही "मला आता ताऱ्यांचं काही वाटत नाही" असं आलेलं नाही. आलंय ते टक्केवारीचं भय, जोडीदाराची चिंता आणि समित्यांचा कंटाळा. या तिन्ही गोष्टींवर काही ना काही करता येतं. विषयाचाच कंटाळा आला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं.

म्हणून या हंगामात अर्ज कर. बहुतेक जाहिराती पानगळीच्या सुमारास येतात आणि मुदती ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात संपतात. आधी दोघांनी मिळून तीन अटींचा कागद तयार कर: मुदत, जागा आणि स्वतःचं संशोधन. अटींत बसणाऱ्याच जागांना अर्ज पाठव, त्या थोड्या निघाल्या तरी चालेल. डेटा सायन्सचेही दोन-चार अर्ज बरोबरीने जाऊ दे, म्हणजे निवड भीतीपोटी होणार नाही. कुणी लवकर ऑफर देऊन दोन दिवसांत उत्तर मागितलं, तर गडबडू नकोस. खगोलशास्त्रात संस्थांनी उमेदवारावर १५ फेब्रुवारीपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करू नये असा संकेत अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने घालून दिला आहे आणि बऱ्याच संस्था तो पाळतात. नम्रपणे त्या तारखेचा उल्लेख कर. फेब्रुवारीत तुझ्यासमोर दोन पर्याय असतील आणि ठरत नसेल, तर दोन्ही ऑफरची पत्रं आणि तो अटींचा कागद मला पाठव.

तुझी,
ताई